गोगलगायींचा हिशेब

‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वरून गरीब दिसणारा आणि आतून लबाड असणारा मनुष्य, असा तिचा अर्थ गुरुजींनी आपल्याला सांगितलेला असतो व परीक्षेच्या कागदावर आपण तो निमूटपणे लिहिलेलाही असतो. वस्तुतः या बिचाऱ्या प्राण्याने काहीच लपवलेले नसते. त्याचे पोट हाच त्याचा पाय. प्राणिशास्त्राने या संपूर्ण वर्गाला ‘उदरपाद’ असेच नाव दिले आहे. गोगलगाय काचेवर चढू लागली की तिचा तो रुंद, मऊ पाय काचेपलीकडून स्पष्ट दिसतो आणि त्यावरून लाटांमागून लाटा सरकत जाव्यात तशी तिची चाल असते. गेली तीन वर्षे आमच्या बैठकीच्या खोलीत हे दृश्य आम्ही रोज पाहत आहोत. त्या सहवासात आम्हांला जे उमगले आणि आमच्या लहानशा घरात दयेविषयी जो एक वाद उभा राहिला, तो वाचकांपुढे ठेवावासा वाटला, म्हणून हा लेखप्रपंच.

आम्ही बारामतीचे रहिवासी. कऱ्हा नदी, वस्तीमधून वाहणारा नीरा डावा कालवा, भोवतीचे उसाचे मळे आणि साखर कारखाने हे या गावाचे जुने रूप. आता त्यात औद्योगिक वसाहतीची आणि मोठमोठ्या विद्यालयांची भर पडली आहे. साहजिकच नोकरीनिमित्त येथे येणारी आणि चार-पाच वर्षांनी बदली होऊन जाणारी कुटुंबे पुष्कळ. आमच्या वरच्या मजल्यावरच्या अशाच एका कुटुंबाची बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढले. राहिली ती तीन फूट लांबीची, काचेची माशांची टाकी. जिवंत मासे इतक्या दूरच्या प्रवासात टिकणार नव्हते. “दादा, कालव्यात सोडून देण्यापेक्षा तुमच्याकडे राहू देत. मुलांना आवडेल,” असे म्हणून त्या भगिनीने ती टाकी आमच्या स्वाधीन केली. त्यांच्या या वाक्यात केवढे शहाणपण होते, हे आम्हांला पुढे कळले.

टाकीबरोबर गप्पी आले, मोली आले, हिरव्या पाणवनस्पतींचे झुबके आले आणि या सर्वांबरोबर, कोणी न बोलावता, गोगलगायीही आल्या. त्या तीन प्रकारच्या होत्या. पहिली गव्हाच्या दाण्याहून थोडी मोठी, तपकिरी, अर्धपारदर्शक कवचाची. तिला शास्त्रज्ञ ‘फायझा’ म्हणतात. बहुतेक गोगलगायींच्या शंखाचे तोंड उजवीकडे असते, हिचे डावीकडे. ही मूळची अमेरिकेतली. पाणवनस्पतींच्या व्यापाराबरोबर जवळजवळ साऱ्या जगात पसरली. दुसरी चपटी, मेंढ्याच्या शिंगासारखी वळलेली. तिसरी लांबट, सुळकेदार शंकूसारखी. ही दिवसा वाळूत दडून बसते आणि रात्री बाहेर पडते; ती आपल्याकडच्या नद्या-ओढ्यांतही सापडते.

या मंडळींची वाढ कशी होते हे पाहिले म्हणजे मनुष्य थक्क होतो. फायझाच्या एकाच देहात नर आणि मादी दोन्ही असतात आणि जोडीदार न मिळाल्यास ती एकटीदेखील प्रजा निर्माण करू शकते. पानाच्या खालच्या बाजूला ती पारदर्शक चिकट गोळीत आपली अंडी घालून ठेवते. बाजारातून आणलेल्या एखाद्या डहाळीवर अशी एक गोळी असली की पुढचे काही सांगावे लागत नाही. शंकूच्या आकाराची जी, तिच्या माद्या नरावाचून पिल्ले देतात आणि अंडी बाहेर न घालता चिमुकली, पूर्ण घडलेली पिल्लेच बाहेर सोडतात. म्हणजे एक राहिली तरी शंभर होण्याची सोय निसर्गाने करून ठेवली आहे.

तथापि सोय असणे वेगळे आणि संख्या वाढणे वेगळे. गोगलगायी वाऱ्यावर वाढत नाहीत. त्या अन्नावर वाढतात. माशांच्या तोंडून निसटलेले दाणे, कुजलेली पाने, काचेवर चढणारे शेवाळ हे त्यांचे अन्न. आता माशांच्या टाकीपुढे माणूस कसा वागतो ते आठवून पाहा. पाहुणे येतात, शेजारची मुले येतात, मासे काचेशी गर्दी करतात, आणि प्रत्येकाचा हात आपोआप खाण्याच्या डबीकडे जातो. ‘बिचारे उपाशी दिसतात’ हे वाक्य प्रत्येक जण उच्चारतो. मासा हा नेहमीच उपाशी दिसतो, कारण हात दिसला की वर यायचे एवढे तो शिकलेला असतो. जे दाणे तळाला जातात ते दोन दिवसांत कुणाच्या तरी पोटात जातात आणि महिन्याभराने काचेवर कवचे होऊन दिसू लागतात. गोगलगायींची संख्या म्हणजे त्या घराने माशांना गरजेपेक्षा किती जास्त खाऊ घातले याचा चोख हिशेब असतो.

हे केवळ गोड्या पाण्यापुरते खरे नाही. पुण्यात आमचा एक मावसभाऊ राहतो. त्याला समुद्राच्या पाण्याची टाकी राखण्याचा छंद आहे. समुद्र कोसो दूर, म्हणून तो विकतचे क्षार शुद्ध पाण्यात मोजून मिसळतो आणि एक लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार राहतील याची काळजी घेतो. त्याच्या टाकीत जिवंत प्रवाळ नाही. आपल्याकडच्या दगडी प्रवाळांना आणि काही शंखांना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र मिळाले आहे, ही जाणीव त्याला आहे. परंतु त्याने आणलेल्या खडकांवरून एक विचित्र गोगलगाय आलीच. ती चालत नाही. आपली नळी खडकाला चिकटवून एका जागी बसते, पाण्यात चिकट धाग्यांचे जाळे सोडते आणि त्यात अडकलेले अन्नकण धाग्यांसह ओढून गिळते. त्या नळीच्या कडा इतक्या धारदार असतात की टाकी साफ करताना बोटे कापतात. आमचा भाऊ पकडीने नळ्या मोडतो आणि भोकांवर डिंकासारखा पदार्थ लावून ती बुजवतो. “पण खरा उपाय एकच, दादा,” तो म्हणाला, “मी खाणे कमी केले आणि त्या हळूहळू थांबल्या.” गोडे पाणी असो वा खारे, उत्तर एकच निघाले.

उत्तर सोपे असले तरी ते मंद गतीचे असते आणि मनुष्याला घाई असते. आमच्याकडे सल्ल्यांचा पाऊस पडला. इंदापूर तालुक्यात आमचे एक द्राक्षबागायतदार मित्र आहेत. ते टाकी पाहून हसले आणि म्हणाले, “अहो सर, चिमूटभर मोरचूद टाका. सकाळी एक राहायची नाही.” ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे त्यांना मोरचूद म्हणजे काय हे सांगायला नको. चुन्यात मिसळून त्याचे बोर्डो मिश्रण करतात आणि वेलींवर फवारतात. मोरचुदातले तांबे गोगलगायीला खरोखरच विषासारखे आहे. परंतु ते कोळंबीलाही विष आहे, माशांनाही थोड्या चुकीच्या मात्रेत विषच आहे, आणि एकदा वाळूत मुरले की लवकर जात नाही. आमच्या मावसभावाच्या खाऱ्या टाकीत तर तांब्याचा थेंबही चालत नाही. शिवाय शे-दोनशे गोगलगायी एका रात्रीत मेल्या तर त्यांची प्रेते त्याच पाण्यात कुजतात, अमोनिया वाढतो आणि ज्या माशांसाठी हा खटाटोप केला तेच पहाटे पालथे तरंगताना दिसतात. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते हेच.

दुसरा सल्ला असा की, गोगलगाय खाणारा प्राणी आणून सोडावा. दुकानांत दोन प्रकार मिळतात. एक आग्नेय आशियातली पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची गोगलगाय, जी इतर गोगलगायींना खाते. दुसरा ‘बोटिया’ कुळातला पट्टेरी मासा. या कुळातला एक मासा आपल्याच सह्याद्रीतला आहे, कृष्णेच्या खोऱ्यातल्या नद्यांत राहणारा. छंदिष्टांच्या टाक्यांसाठी त्याला पकडले जाते आणि जगातील धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत त्याचे नाव लागले आहे. आमच्या टाकीतल्या शंभर गोगलगायी संपवण्यासाठी सह्याद्रीच्या एखाद्या ओढ्यातला रहिवासी उचलून आणावा, हे आमच्या मनाला पटले नाही. परदेशी गोगलगायीला पकडायला आणखी एक परदेशी गोगलगाय आणणे हेही पटले नाही.

मग आम्ही जुना, संथ मार्ग धरला. खाण्याची डबी उंच फडताळात गेली. दिवसातून एकदाच, मासे दोन मिनिटांत संपवतील इतकेच दाणे. आठवड्यातून एक दिवस उपवास. माशांना त्याने काही होत नाही. तळाचा गाळ रबरी नळीने ओढून काढायचा. आणि दर शनिवारी रात्री कोबीचे एक पान उकळत्या पाण्यातून काढून, दगड बांधून तळाशी ठेवायचे. सकाळी त्या पानावर गोगलगायींची जत्रा भरलेली असते. पान अलगद उचलले की तिच्यासकट वर येते. शेतकरी मंडळी शेतातल्या शंखी गोगलगायींसाठी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे बांधावर पसरतात, तोच हा प्रकार. रविवारी मिस्सेला निघण्यापूर्वी मोजणी करण्याचे काम आमच्या धाकट्या कन्येने आपणहून पत्करले. पहिल्या रविवारी तिने वहीत आकडा लिहिला: ६१.

आणि येथेच तो वाद उभा राहिला.

ते ६१ जीव प्लास्टिकच्या डब्यात, थोड्याशा पाण्यात होते. कन्येने डबा छातीशी धरला आणि विचारले, “पप्पा, आता ह्यांचं काय करायचं?” आम्ही क्षणभर थांबलो. तिनेच उत्तर सुचवले. “कालव्यात सोडू या ना. तिथे भरपूर पाणी आहे. मारायचं कशाला? देवानेच केल्यात ना त्या?” आमच्या मातोश्री ओट्यापाशी भाजी निवडत होत्या. त्यांनी लगेच नातीचा पक्ष घेतला. “बरोबर बोलते पोर. मुक्या जिवाला मारून काय मिळवायचं? सोडून या कालव्यात, सुटतील बिचाऱ्या.” दोघींच्या डोळ्यांत जे होते ते खोटे नव्हते. लहान मुलाच्या मनात दया उपजली असताना तिला नको म्हणणे हे बापाला फार जड जाते. आम्ही डबा झाकून सावलीत ठेवला आणि दुपारपर्यंत मुदत मागितली.

कालवा आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे. त्याच्या काठाने आम्ही त्या दिवशी बराच वेळ हिंडलो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, दुष्काळाच्या भयाने इंग्रज सरकारने हा कालवा खोदवला. भाटघर धरणाचे पाणी घेऊन तो पुरंदर-बारामतीच्या शिवारांतून येतो आणि पुढे इंदापूरकडे जातो. आपल्या भागातला ऊस, आपली द्राक्षे, आपली डाळिंबे, किंबहुना आपली भाकरी या पाण्यावर उभी आहे. कालव्यातून पाटचाऱ्या फुटतात, पाटचाऱ्यांतून शेते भिजतात, शेतांचा निचरा ओढ्यांत उतरतो, ओढे कऱ्हेला आणि नीरेला मिळतात. कऱ्हा सोनगावापाशी नीरेत शिरते. नीरा पुढे इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नरसिंहपूर येथे, भीमेला भेटते आणि भीमा पंढरपूरकडे निघते. ‘भरपूर पाणी आहे’ असे कन्या म्हणाली ते खरेच होते. मात्र ते पाणी एका जागी राहत नाही आणि ते कुणा एकाचे नसते.

इंदापूर तालुक्याच्या दक्षिण अंगाला जशी नीरा, तशी उत्तर अंगाला भीमा. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाने तेथे भीमेचा विस्तीर्ण जलाशय केला आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर पाण्याबाहेर येते. भिगवण-कुंभारगावच्या पाणथळीवर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. आम्ही सहकुटुंब ते पाहायला त्याच्या आधीच्या वर्षी गेलो होतो. पक्षी पाहून परतताना भिगवणला मासळी घेण्यासाठी थांबलो. एका मावशींच्या पाटीत चिलापी होती, वाम होती. आणि पाटीबाहेर, धुळीत, पाच-सहा काळे, खरखरीत, चपट्या डोक्याचे मासे टाकून दिलेले होते. एक अजून तोंड उघडझाप करीत होता. “मावशी, हे कसले मासे?” आम्ही विचारले. “सकर, दादा,” त्या म्हणाल्या. “काय करायचं याचं? खायाला न्हाय, इकायला न्हाय. जाळं तेवढं फाटतं. पयल्यांदा कधीमधी यायचा, आता जाळंभर यतोय.”

हा सकर मासा दक्षिण अमेरिकेचा. भारतात तो आला तो काचेच्या टाक्यांसाठी. दुकानात तो बोटाएवढा असतो. काचेवरचे शेवाळ चाटून टाकी साफ ठेवतो म्हणून हौसेने घेतला जातो. पुढे तो वाढत जातो, दीड फुटापर्यंत जातो, टाकीत मावेनासा होतो, आणि मग कुणीतरी दयाळू मनुष्य त्याला नदीत सोडतो. अंगावर हाडांच्या खवल्यांचे चिलखत, परांना कडक काटे. त्यामुळे त्याला खाणारे फार थोडे आणि जाळ्यात आला की जाळे सोडवता सोडवता फाटते. काठाच्या मातीत बिळे करून तो अंडी घालतो व बापासारखा त्यांच्यावर पहारा देतो. ज्याने तो प्रथम सोडला त्याचे नाव कुणाला ठाऊक नाही. त्याने तो बहुधा पुण्यातल्या एखाद्या पुलावरून सोडला असेल; मुळा-मुठेचे पाणी भीमेत येते आणि भीमेचे उजनीत. सोडताना त्याला समाधानच वाटले असेल. जाळे मात्र भिगवणच्या मावशींचे फाटले.

कालव्याच्या काठी त्या दिवशी आम्हांला ती धुळीतली उघडझाप करणारी तोंडे आठवली. आणखीही काही आठवले. मोठी आफ्रिकन गोगलगाय भारतात कशी आली याची हकीकत प्रसिद्ध आहे. बेन्सन नावाच्या शंखशास्त्रज्ञाने १८४७ साली मॉरिशसहून काही गोगलगायी कलकत्त्याला आणल्या आणि त्या चौरंगी भागातल्या एका बागेत सोडल्या गेल्या. तेथून ती देशभर पसरत गेली. २०२२ च्या खरिपात लातूर, उस्मानाबाद, बीड या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे रात्रीत कुरतडून टाकली. शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली आणि कित्येकांनी रात्री बॅटरी घेऊन त्या वेचल्या. तसेच तैवानमध्ये. तेथे १९८० च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतली एक मोठी पाणगोगलगाय खाण्यासाठी म्हणून आणली गेली. लोकांना तिची चव आवडली नाही, ती भाताच्या शेतांत निसटली आणि पुढे फिलिपाइन्सपर्यंत भातशेतीचा शत्रू होऊन बसली. यांतल्या कुणाच्याही मनात वाईट करावे असे नव्हते.

दुपारी जेवणे झाल्यावर आम्ही हे सारे घरात सांगितले. कन्या हुशार आहे. तिने विचारले, “पण पप्पा, ही तपकिरी गोगलगाय तर आधीच सगळीकडे पसरली आहे, असं तुम्हीच म्हणालात. मग आपल्या साठ सोडल्या तर काय बिघडणार?” प्रश्न रास्त होता. आम्ही तिला म्हणालो, “बाळ, डब्यात नेमक्या कोणत्या जाती आहेत हे तुला-मला खात्रीने सांगता येईल का? आपल्या चपट्या गोगलगायीसारखीच दिसणारी एक जात आपल्याकडच्या डबक्यांत असते. तिच्या अंगात गुरांच्या रक्तातले कृमी वाढतात. जनावर पाण्यात उतरले की ते कातडीतून आत शिरतात आणि नाक सुजून ते घोरल्यासारखा श्वास घेऊ लागते. आपल्या टाकीतल्या पाण्यात कोणत्या माशांचा कोणता रोग आहे हेही आपल्याला दिसत नाही. दिसत नाही म्हणून ते नाही असे होत नाही.”

ती गप्प झाली. बोलल्या त्या मातोश्री. त्यांचे बालपण नदीकाठच्या खेड्यात गेले आहे. हातातली निवडलेली भाजी बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, “आमच्या गावात वरच्या वाडीनं ओढ्यात काही टाकलं की खालच्या वाडीतल्या बाया भांडायला यायच्या. बरोबर होतं त्यांचं. आपल्या डोळ्यांसमोर मरू नये म्हणून दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडायचं, त्यात दया कुठली?” मग नातीच्या डोक्यावरून हात फिरवून त्या म्हणाल्या, “पण पोरीला मारायला लावू नका. ते तुम्ही करा.”

ते आम्ही केले. भांडेभर पाणी खळखळून उकळले आणि डबा त्यात एकदम रिता केला. एका क्षणाचे काम. मीठ टाकून किंवा उन्हात वाळवून हेच तासन्‌तास चालते; तसे करू नये. तो क्षण सुखाचा नव्हता आणि तो सुखाचा होता असे आम्ही मुलीलाही सांगितले नाही. कवचे चुरून गुलाबाच्या कुंडीत घातली. त्यांतला चुना झाडाला उपयोगी पडतो. कन्येने त्या संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी गोगलगायींचा उल्लेख केला. कुणी हसले नाही.

त्यानंतरच्या रविवारी वहीत आकडा होता ५४, मग ४०, मग पावसाळ्यात थोडा वर गेला, आणि नाताळच्या सुमारास तो दहाच्या आत आला. उकळते पाणी थोड्याच वेळा लागले. खरे काम केले ते उंच फडताळातल्या डबीने. अन्न उरले नाही तेव्हा त्यांनीच आपली प्रजा आवरली. आता ज्या राहिल्या आहेत त्यांना आम्ही हात लावत नाही. त्या काचेवरचे शेवाळ खातात, सुकलेली पाने संपवतात. शंकूच्या आकाराच्या गोगलगायी रात्रभर वाळू उकरून ती मोकळी ठेवतात, आणि एखाद्या दिवशी भर दुपारी त्या सगळ्या काचेवर चढून बसल्या तर पाणी बिघडल्याची सूचना आम्हांला मिळते. ज्यांना आम्ही उपद्रव म्हणत होतो त्या घरातल्या पहारेकरी झाल्या आहेत.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली आपल्या परिपत्रकात सृष्टीला सर्वांचे सामाईक घर म्हटले. आपल्या धर्मग्रामांत त्याचे वाचन झाले, झाडे लावली गेली, फलक लागले. ते सर्व चांगलेच आहे. पण सामाईक घर म्हटल्यावर सामाईक पाणीही आले, आणि पाण्यात खालच्या अंगाला राहणारा मनुष्यही आला. तो आपल्याला दिसत नाही. डब्यातली गोगलगाय दिसते, तिची दया येते. भिगवणचे जाळे दिसत नाही, म्हणून त्याची येत नाही. दयेने डोळ्यांना दिसते तेवढ्यावर थांबू नये, पाणी जेथपर्यंत जाते तेथपर्यंत तिने जावे, एवढेच आम्ही या लहानशा प्रसंगातून शिकलो. आमच्या कन्येला ते आमच्याआधी समजले असावे, कारण शाळेतल्या मैत्रिणीने मोठा झालेला सकर मासा नदीत सोडायचे ठरवले तेव्हा हिने तो घरी मागून आणला. सध्या तो आमच्याकडेच आहे, एका जुन्या पिंपात, आणि दर महिन्याला वाढतो आहे. त्याचे पुढे काय करायचे याचे उत्तर आम्हांला अजून सापडलेले नाही. परंतु त्याला कोठे नेऊन सोडायचे नाही, याविषयी घरात आता दुमत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मुलांच्या हौसेखातर माशांची टाकी असेल. त्यांना हात जोडून थोडी विनंती आहे. मासा घेताना तो पुरा वाढल्यावर केवढा होतो हे दुकानदाराला आधी विचारावे. नव्या पाणवनस्पती तुरटीच्या पाण्यात बुडवून, वेगळ्या भांड्यात काही दिवस ठेवून, मगच टाकीत लावाव्यात. टाकीचे पाणी बदलताना ते गटारात वा ओढ्यात न ओतता अंगणातल्या झाडांना घालावे. पेरूला ते फार मानवते. काढलेल्या वनस्पती कडक उन्हात पूर्ण वाळवाव्यात. आणि बदली होऊन गाव सोडायची वेळ आली तर आमच्या त्या शेजारीण भगिनीने केले तसे करावे: टाकी, मासे, गोगलगायी, सारे काही घेऊन कुणाच्या तरी दारात उभे राहावे आणि “तुमच्याकडे राहू देत” असे म्हणावे. बारामतीत कुणाला असे दार सापडत नसेल, तर आमचे उघडे आहे.